गाडीतला संसार
एमी सेम्पल मॅकफर्सन या पेंटेकोस्टल प्रवचनकार बाई होत्या. १९१८ च्या अखेरीस, इन्फ्लुएन्झाची साथ पसरलेली असताना, आई मिनी केनेडी, आठ वर्षांची रॉबर्टा आणि पाच वर्षांचा रॉल्फ यांना घेऊन त्या न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला मोटारीने गेल्या. त्याआधीची वर्षे पूर्व किनाऱ्यावर तंबूंतल्या सभांत गेली होती. एमीबाईंच्या सभांना लोटणाऱ्या गर्दीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण हा फिरता संसार तरला तो मिनीबाईंमुळे, आणि त्यांचे श्रेय इथे नोंदवायलाच हवे. पैशांचा हिशेब त्यांच्याकडे, नातवंडेही त्यांच्याकडेच. रॉबर्टा हाँगकाँगमध्ये जन्मली, मिशनरी वडील वारल्यानंतर महिनाभराने. मुलांना स्थिर घर लाभले ते लॉस एंजेलिसलाच. एमीबाईंचे अँजेलस टेंपल तिथे १९२३ मध्ये उघडले. — संपादक