एका ब्राउझरची चार बारशी

आपल्याकडे बाराव्या दिवशी ठेवलेलं नाव माणसाला सहसा जन्मभर पुरतं. फायरफॉक्सच्या नशिबी ते नव्हतं. सप्टेंबर २००२ मध्ये तो आला 'फिनिक्स' म्हणून. पण संगणकाचा बायोस बनवणाऱ्या फिनिक्स टेक्नॉलॉजीजचा त्या नावावर ट्रेडमार्क होता. एप्रिल २००३ मध्ये 'फायरबर्ड' ठरलं, तर त्याच नावाचा मुक्तस्रोत डेटाबेस बनवणारी मंडळी उसळली. म्हणजे या वेळी भांडण भाऊबंदकीचं. अखेर फेब्रुवारी २००४ मध्ये 'फायरफॉक्स'. (हे खरं तर लाल पांड्याचं एक नाव, बोधचिन्हावर मात्र कोल्हा बसला.)

दोनदा तोंड पोळलेली मोझिला, म्हणजे हा ब्राउझर बनवणारी संस्था, मग ताकही फुंकून पिऊ लागली. कोड कोणीही घ्या, बदला, वाटा. पण बदललेल्या कोडला आमचं नाव लावायचं तर आधी दाखवा. कोडला मुक्त परवाना, नावाला ट्रेडमार्क, असा हा दुहेरी कारभार.

तो डेबियनला, म्हणजे लिनक्सवर आधारित मुक्त संगणकप्रणाली बनवणाऱ्या प्रकल्पाला, जाचला. कोल्ह्याच्या चित्राचा परवाना मुक्त नव्हता, म्हणून त्यांनी चित्र वगळलं आणि नाव तेच राहू दिलं. मेनूत कोल्ह्याविना नुसता निळा पृथ्वीगोल दिसे. २००६ मध्ये मोझिलाने बजावलं: नाव हवं तर चित्रही हवं, आणि तुमचे बदल आधी आम्ही तपासणार. डेबियन जुन्या आवृत्त्यांनाही सुरक्षेची ठिगळं लावत राहतं. प्रत्येक ठिगळासाठी बाहेरच्याच्या होकाराची वाट कोण पाहणार? मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच हे भांडण इतकं चिवट झालं.

डेबियनने चौथं बारसं केलं. आगीच्या जागी बर्फ, कोल्ह्याच्या जागी मुंगसासारखा दिसणारा वीझल: 'आइसवीझल'. मोझिलाच्याच थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमचं 'आइसडव्ह' झालं. गंमत म्हणजे काही संकेतस्थळं आत येणाऱ्या ब्राउझरचं नाव बघूनच दार उघडत. आइसवीझलला ती ओळखेनात. शेवटी त्याला आपल्या ओळखीपुढे 'फायरफॉक्ससारखा' अशी पुस्ती जोडावी लागली. ज्या नावापायी घर सोडलं, तेच दारोदार सांगत फिरायचं!

दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, समेट झाला. चित्राचा परवाना तोवर मोकळा झाला होता, आणि डेबियनच्या ठिगळांनी ब्राउझरचा दर्जा घसरत नाही, हे मोझिलाने मान्य केलं. डेबियनमध्ये 'फायरफॉक्स' हे नाव परतलं. आइसवीझलचं पॅकेज मात्र लगेच हटवलं नाही. आत काहीच नसलेलं, नुसतं नावापुरतं ते ठेवलं. जुन्या वापरकर्त्याने अद्ययावत करायला घेतलं, की ते फायरफॉक्सला बोलावून आणी.