प्रवासी अतिसार

प्रवासी अतिसार म्हणजे प्रवासात असताना किंवा प्रवासाहून परतल्यावर लगेच, मुख्यतः दूषित अन्न वा पाणी पोटात गेल्यामुळे होणारा जुलाबाचा विकार होय. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे आणि त्याबरोबर पोटात मुरडा, मळमळ, उलटी, ताप किंवा शौचाची तीव्र घाई यांपैकी एखादे लक्षण असणे, असे याचे सर्वसाधारण स्वरूप असते. बहुतेक रुग्ण तीन ते पाच दिवसांत बरे होतात. मात्र शरीरातील पाणी व क्षार वेगाने कमी झाल्यास लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया तसेच मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार असलेल्या व्यक्ती यांच्या जिवाला धोका संभवतो.

नावे व आढळ
मेक्सिकोत गेलेल्या पाश्चात्त्य प्रवाशांनी या विकारास 'माँटेझुमाचा सूड', तर भारतात आलेल्यांनी 'दिल्ली बेली' अशी गमतीची नावे दिली. तथापि हा विकार केवळ परदेशी पाहुण्यांचा नाही. दीर्घकाळ परदेशी राहून मायदेशी आलेल्या व्यक्ती आणि विशेषतः तिकडेच जन्मलेली त्यांची मुले यांनाही तो सहज जडतो. नातेवाइकांच्या घरी उतरल्यामुळे पाणी व खाणे यांबाबत सावधगिरी कमी बाळगली जाते, हे त्याचे एक कारण आहे.

कारणे
या विकाराच्या मुळाशी बहुधा जिवाणू असतात. त्यांत विष निर्माण करणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचे प्रमाण मोठे आहे. त्याच्या विषामुळे आतड्याच्या अस्तरातून पाणी व क्षार पाझरतात. कॅम्पिलोबॅक्टर, शिगेला व साल्मोनेला हे अन्य जिवाणू होत. नोरोव्हायरससारखे विषाणू जहाजे, वसतिगृहे अशा दाटीच्या ठिकाणी झपाट्याने पसरतात. जिआर्डिया व अमीबा या आदिजीवांमुळे होणारा त्रास बऱ्याचदा उशिरा सुरू होतो आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ रेंगाळू शकतो.

प्रतिबंध
जंतूंचा शिरकाव अन्न, पाणी आणि हात या तीन वाटांनी होतो. पाणी खळखळून उकळल्यावर किमान एक मिनिट तसेच ठेवावे. समुद्रसपाटीपासून २००० मीटरहून अधिक उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून तेथे तीन मिनिटे उकळावे. बाटलीबंद पाणी घेताना झाकणाचे सील पाहावे. बर्फ हे गोठवलेले पाणीच असल्याने तो कोणत्या पाण्याचा आहे हे ठाऊक नसल्यास उसाचा रस, सरबत व गोळा टाळणे इष्ट. क्लोरिनच्या गोळ्यांनी बहुतेक जिवाणू मरतात, परंतु क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या काही आदिजीवांवर त्यांचा पुरेसा परिणाम होत नाही.

नुकतेच शिजवलेले, वाफाळते अन्न सर्वांत सुरक्षित होय. उघड्यावर राहिलेल्या चटण्या, चिरून ठेवलेली फळे, कच्ची कोशिंबीर व पाणीपुरीचे पाणी यांपासून धोका अधिक असतो. स्वतः सोलून खाता येणारी केळी, संत्री ही फळे त्या मानाने निर्धोक असतात. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवावेत. अल्कोहोलयुक्त द्रवाने हात पुसणे ही केवळ दुय्यम सोय आहे; नोरोव्हायरसवर त्याचा प्रभाव कमी पडतो.

वाटेत स्वच्छ शौचालय मिळत नाही म्हणून अनेक प्रवासी, विशेषतः स्त्रिया, पाणी पिणेच टाळतात. याने जुलाब टळत नाहीत. उलट बद्धकोष्ठता व मूत्रमार्गाचा संसर्ग संभवतो आणि पुढे जुलाब झालेच, तर शुष्कता लवकर येते.

उपचार
गेलेले पाणी व क्षार भरून काढणे हा मुख्य उपचार होय. त्यासाठी जलसंजीवनीचे पाकीट सूचनेत सांगितलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवून थोडे थोडे प्यावे. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. ग्लुकोजच्या साहाय्याने आतडे सोडियम शोषून घेते व त्यामागून पाणी शोषले जाते. म्हणून नुसत्या पाण्याने हे कार्य साधत नाही. खोक्यातून मिळणारी अतिगोड पेये जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाहीत. अधिक साखरेने जुलाब वाढतात. खाणे बंद करू नये. मऊ भात, खिचडी, ताक, केळी असा हलका आहार चालू ठेवावा. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध थांबवू नये.

१९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा तुटवडा पडला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-ग्लुकोजचे द्रावण तोंडावाटे देण्याचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जुलाब थांबवणारे लोपेरामाइड हे औषध प्रौढांना तात्पुरता उतार देते. मात्र ताप असल्यास किंवा शौचातून रक्त पडत असल्यास ते घेऊ नये. प्रतिजैविके वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. दक्षिण आशियातील अनेक जंतू काही प्रतिजैविकांना दाद देत नाहीत.

वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी
शौचातून रक्त पडणे, तीव्र ताप, पाणीही न टिकणारी उलटी, लघवी फार कमी होणे, ग्लानी किंवा तांदळाच्या धुवणासारखे भरपूर जुलाब ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. बाळाचे डोळे खोल जाणे, टाळू बसणे, रडताना अश्रू न येणे ही शुष्कतेची चिन्हे आहेत.

यात्रा व सार्वजनिक आरोग्य
पंढरपूरच्या यात्रेत १९व्या शतकात पटकीच्या साथी उद्भवत. नदीच्या एकाच पात्रात स्नान, पिण्याचे पाणी व मलविसर्जन होत असल्याने साथ पसरे आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव जाई. आजच्या आषाढी वारीत पालखी मार्गावर टँकरने पाणीपुरवठा, जलस्रोतांत विरंजक चूर्ण टाकणे, फिरती शौचालये व आरोग्य पथके अशी व्यवस्था केली जाते. लाखोंच्या समुदायात व्यक्तीची सावधगिरी एकटी पुरत नाही. पाण्याचा स्रोत मलापासून दूर राखणे हाच या विकारावरील टिकाऊ उपाय होय.