गावाचं नाव कॅनडा

कॅनडाचा आपल्या कानडीशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. लहानपणी मला तसा दाट संशय होता. कॅनडा म्हणजे गाव. कुठलंही गाव.

१५३४ च्या जुलैत झाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी गास्पेच्या किनाऱ्याला लागला आणि तिथे त्याने तीस फुटी लाकडी क्रूस रोवला, वर फ्रान्सच्या राजाचा जयजयकार कोरून. स्तादाकोना गावाचा मुखिया दोनाकोना होडीतून आला. हातवारे करून त्याने ठणकावलं, की जमीन आमची, न विचारता हे काय उभं केलंत? कार्तिएने थाप ठोकली: बंदर पुन्हा सापडावं म्हणून खुणेचा खांब आहे हा. मग मुखियाची दोन मुलं, दोमागाया आणि ताइनोआन्यी, जहाजावर घालून फ्रान्सला नेली.

पुढच्या वर्षी तीच मुलं वाटाडे म्हणून परतली. सेंट लॉरेन्सच्या प्रवाहाकडे हात करून त्यांनी ‘कनाटा’ची वाट दाखवली. त्यांच्या इरोक्वा कुळातल्या भाषेत कनाटा म्हणजे वस्ती, आणि त्यांचा रोख स्वतःच्या गावाकडे. आपला चाकरमानी ‘गावाला चाललो’ म्हणतो ना, तसंच. कार्तिएने ते अख्ख्या मुलखाला लावलं. गंमत म्हणजे त्याच्या प्रवासवर्णनाला जोडलेल्या शब्दयादीत हे लोक गावाला कॅनडा म्हणतात अशी नोंदच आहे! अर्थ ठाऊक असूनही नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या हिवाळ्यात जहाजं बर्फात रुतली. हिरड्या सडल्या, दात पडले, पाय सुजून काळे झाले. स्कर्व्ही. ११० पैकी २५ जण गेले. दोमागायाने एका झाडाची साल आणि पाला उकळून काढा करायला शिकवलं. आठवड्याभरात एक थोरलं झाड सोलून संपलं आणि माणसं उठून बसली. वसंत आला तसं कार्तिएने दोनाकोना आणि त्याची मुलं धरून दहा जणांना फ्रान्सला नेलं. १५४१ पर्यंत त्यातली एक मुलगी तेवढी जिवंत होती. १६०८ मध्ये शाम्प्लेन या फ्रेंचाने त्याच परिसरात क्यूबेक वसवलं, तेव्हा स्तादाकोना उरलंच नव्हतं.

नाव मात्र पसरत गेलं. गावावरून नदीला, नदीवरून वसाहतीला. १७६३ च्या तहाने तो मुलूख इंग्रजांकडे गेला. १७९१ मध्ये त्यांनी त्याचे वरचा कॅनडा आणि खालचा कॅनडा असे दोन भाग पाडले, १८४१ मध्ये परत सांधले.

१८६४ मध्ये शार्लटटाऊन आणि क्यूबेकला ब्रिटिश वसाहतींचं संघराज्य करण्यासाठी बैठका भरल्या. मूळ रहिवाशांना बोलावणं नव्हतं. नव्या देशाच्या नावासाठी सूचनांचा पाऊस पडला: ट्युपोनिया, बोरिआलिया, एफिस्गा. राजकारणी डार्सी मगी यांनी १८६५ मध्ये विधिमंडळात खिल्ली उडवली, की एखाद्या सकाळी जाग आली आणि आपण ट्युपोनियन झालोय असं कळलं, तर कसं वाटेल? अखेर जुनंच नाव राहिलं. पुढे पहिले पंतप्रधान झालेल्या मॅक्डोनाल्ड यांना नावाच्या आधी ‘किंगडम’ हवं होतं. शेजारची अमेरिका दुखावेल म्हणून लंडन कचरलं. १ जुलै १८६७ ला चार प्रांत मिळून ‘डोमिनियन ऑफ कॅनडा’ झालं.

राजधानी ओटावाच्या पश्चिमेला आज एक उपनगर आहे, तंत्रज्ञान कंपन्यांच्या कचेऱ्यांनी भरलेलं. त्याचं नाव कनाटा. वेशीवरची पाटी म्हणते, गाव आलं.