सरासरीचा हिशेब

दुष्काळ पडला की आपण आभाळाकडे पाहतो. त्याच वेळी हिशेबाकडेही पाहायला शिकवलं ते प्रा. वि. म. दांडेकर यांनी. 'हवामान-अर्थतज्ज्ञ' हा शब्द त्यांच्या काळात रूढ नव्हता; काम मात्र तेच होतं. 1920 मध्ये जन्मलेले दांडेकर मूळचे संख्याशास्त्रज्ञ. पुण्याच्या गोखले संस्थेचे ते 1966 ते 1980 संचालक होते. नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी 1971 मध्ये देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला.

आपल्याला जवळचं आहे ते त्यांचं पीकविम्यावरचं लेखन. 1976 मध्ये त्यांनी विचारलं, प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन नुकसान मोजणं परवडेल का? हप्ता ठरवायला एकेका शेताची मागची आकडेवारी मिळेल का? नाही. मग हवामान आणि पीकपाणी सारखं असलेला प्रदेशच घटक धरावा, पीक कापणी प्रयोगांतून त्याची सरासरी काढावी आणि ती घसरली तर सर्वांना भरपाई द्यावी. याच धर्तीवर 1979 मध्ये प्रायोगिक योजना आली आणि 1985 मध्ये देशव्यापी योजना.

मराठवाड्याचा त्यांच्याशी दुसरा संबंध अनुशेषाचा. 1983 मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा कुठे मागे आहे ते मोजलं. 1984 च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे 3187 कोटी रुपयांचा निघाला, त्यात मराठवाड्याचा सुमारे 751 कोटींचा. तोवर भाषणांत असलेली आपली तक्रार आकड्यांत आली.

मी अर्थशास्त्र शिकवत असे, तेव्हा विद्यार्थी हमखास एक शंका काढत. पैठणचं कालव्याकाठचं शिवार आणि त्याच जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव यांची एकच सरासरी कशी? शंका रास्त आहे. पाऊस नाल्याच्या अलीकडे पडतो, पलीकडे पडत नाही. समजा, महसूल मंडळाची सरासरी एकरी 5 क्विंटल आली आणि तुमच्या शेतात 1 च क्विंटल पिकलं, तर विम्याच्या लेखी तुमचं नुकसान झालेलंच नाही. पण हा दोष सरासरीचा नाही. दांडेकरांची अट 'सारख्या' प्रदेशाची होती; घटक मोठा धरला की ती अट मोडते.

दांडेकर 1995 मध्ये गेले. 2025 च्या खरिपात महाराष्ट्रात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगांच्या उत्पन्नावरच ठरली, आणि त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतं वाहून गेली. म्हणून गावात कापणी प्रयोग असेल त्या दिवशी शेतकऱ्यांनी तिथे हजर राहावं. कोणता प्लॉट निवडला, वजन किती भरलं, ते पाहावं. आपली भरपाई तिथेच ठरते.