तिकीट कुठपर्यंत चालते?

परभणी जिल्हा १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. हैदराबाद संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र होते आणि १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटेही होती. सेलूहून गंगाखेडला पत्र धाडायला हे तिकीट पुरे. पुण्याच्या पत्रावर मात्र ते चालत नसे. तिथे ब्रिटिश हिंदुस्थानचेच तिकीट लागे.

त्याच सुमारास जगात दुसरी वाट शोधली जात होती. १८७४ मध्ये बर्न येथे २२ देशांनी टपालाचा करार केला. प्रत्येकाचे टपालखाते वेगळेच राहिले; पण एका देशात तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशाने पोहोचवावे असे ठरले. मालक अनेक, नियम एक. १८७६ मध्ये हिंदुस्थानही या संघात आला.

संगणकांच्या जाळ्यात या दोन्ही वाटा दिसतात. ई-मेल दुसऱ्या वाटेचे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी पत्त्यात ‘ॲट’ हे चिन्ह घातले. चिन्हाआधी व्यक्ती, नंतर तिचे ‘टपालघर’. म्हणूनच एका कंपनीच्या खात्यातून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात पत्र जाते. १९७९ मध्ये कल्पना सुचलेले यूजनेटही असेच. अनेक संस्थांचे संगणक एकमेकांकडे मजकूर पोहोचवत. १९९० च्या दशकात परदेशातील मराठी मंडळी तिथल्या मराठी गटात गप्पा मारीत.

पुढे फेसबुक (२००४) आणि ट्विटर (२००६) आले. ती वापरायला सोपी आणि फुकट होती. पण तिकीट संस्थानी! ट्विटरवरून फेसबुकवरील मित्राला निरोप धाडता येत नसे. नियम ठरवणारी कंपनी एकच.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले. निषेध म्हणून नोव्हेंबरात भारतातील हजारो लोकांनी ‘मॅस्टोडॉन’वर खाती उघडली. जर्मनीतील ऑयगन रोख्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली कोणीही आपल्या सर्व्हरवर, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या संगणकावर, चालवू शकतो. हे सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ या समान नियमावलीने बोलतात. जानेवारी २०१८ मध्ये तिला जागतिक मानक म्हणून मान्यता मिळाली. पत्त्यात इथेही व्यक्ती आणि तिचे टपालघर असते.

मग सगळे तिथेच का राहिले नाहीत? कारण जाळ्याचे मोल त्यावर असलेल्या माणसांत असते. ओळखीचे लोक ट्विटरवरच होते, म्हणून अनेक जण परतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतले, तेव्हा पुन्हा मोठी लाट आली आणि तीही बरीच ओसरली. शिवाय लहान सर्व्हर चालवायला कोणाला तरी पैसा आणि वेळ द्यावा लागतो. तो बंद पडला तर खातीही जातात. सर्व्हर बदलताना अनुयायी बरोबर नेता येतात, पण जुना मजकूर मागेच राहतो.

ही अडचण केवळ तंत्राची आहे काय? वर्गात मोबाइलचे उदाहरण घेऊन पाहावे. २० जानेवारी २०११ पासून भारतभर कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवता येऊ लागला. कंपन्यांनी हे आपण होऊन दिले नाही. दूरसंचार नियामकाने तसा नियम केला. संस्थानी तिकिटेही १९५० मध्ये टपालखाती एक झाल्यावरच इतिहासजमा झाली. समाजमाध्यमांसाठी असा नियम असावा काय, आणि तो कोणी करावा, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा. उद्या ही जाळी तेच वापरणार आहेत.