तुंब्यात पाणी शिरते कसे?

होडी ट्रेलरवर चढवायची, ट्रेलर मोटारीमागे जोडायचा आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जायचे, ही पद्धत अमेरिकेत फार रूढ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे काचतंतूंच्या आणि ॲल्युमिनिअमच्या हलक्या होड्या मिळू लागल्या, तशी ती वाढत गेली. काठावरच्या उतारावरून ट्रेलर उलटा पाण्यात ढकलतात. होडी तरंगू लागली की रिकामा ट्रेलर बाहेर ओढतात. या खटाटोपात ट्रेलरची चाके पाण्यात बुडतात. अशा काही फेऱ्यांनंतर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीजचे ओघळ दिसू लागतात. ग्रीजचा रंग दुधाळ झालेला असला, तर त्यात पाणी मिसळले आहे असे खुशाल समजावे. त्याकडे दुर्लक्ष केले तर बेअरिंग गंजते, तापते, आणि एखादे वेळी भर रस्त्यात चाक निखळून पडते.

ग्रीज बाहेर येते हे समजू शकते. पण घट्ट बंद केलेल्या जागेत पाणी आत शिरते कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

चाकाच्या ज्या मधल्या भागात आस बसतो त्याला बैलगाडीच्या चाकात आपण तुंबा म्हणतो. गॅरेजमध्ये त्यालाच हब म्हणतात. तुंब्याला तीन कामे करावी लागतात. भार पेलायचा, घर्षण कमी ठेवायचे आणि आतले वंगण आत व बाहेरची घाण बाहेर राखायची. चाकाचा इतिहास सांगताना पहिल्या दोन कामांविषयी पुष्कळ बोलले जाते. तिसरे काम मात्र आपण विसरतो. वास्तविक तेही तितकेच जुने आहे.

इजिप्तमध्ये १९०५ साली यूया आणि त्यूया या दांपत्याचे थडगे सापडले. ते साधारण इसवी सनापूर्वी १४०० च्या सुमाराचे आहे. त्यातल्या रथाच्या आसावर वंगणाचे अवशेष होते. पृथक्करणात प्राण्याच्या चरबीबरोबर वाळूही आढळली. म्हणजे वंगण घालण्याची युक्ती तेव्हा माहीत होती, पण धूळ रोखण्याची नव्हती. पुढची कित्येक शतके यावर एकच उपाय चालत आला. वंगण गळून गेले की पुन्हा घालायचे! आपल्याकडे बैलगाडीबरोबर वंगणाचा नळा बाळगत, तो याचसाठी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये घोडागाड्यांचे रस्ते सुधारले, वेग वाढला आणि वाटेत थांबून वंगण घालणे परवडेनासे झाले. त्या काळात जॉन कॉलिंज याने नव्या प्रकारचा आस बनवला. चाकाच्या बाहेरच्या बाजूला आट्यांची पितळी टोपी होती, तिच्यात तेलाचा साठा राही. आतल्या बाजूला चामड्याची चकती होती. असे चाक महिनोन्‌महिने पुन्हा तेल न घालता चाले. आजच्या ट्रेलरचे चाक उघडून पाहिले तर मांडणी तीच दिसते. बाहेरून टोपी, आतून सील.

यानंतर रेल्वे आली. १८८३ साली बोशाँ टॉवर हा इंग्लिश अभियंता रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊन सांडू लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. तेव्हा त्याने भोकाला दाबमापक जोडला. भाराचा सरासरी दाब दर चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि मापकाने २०० पौंडांहून अधिक दाब दाखवला. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेतो, दाब निर्माण करतो आणि भार तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो, हे या गळतीने उघड केले. १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्‌स याने त्याचे गणित मांडले. वंगणशास्त्राचा पाया असा एका गळक्या भोकातून घातला गेला.

१८९८ मध्ये अमेरिकेतील घोडागाड्यांचे कारखानदार हेन्री टिमकेन यांनी निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. वरून येणारा भार आणि वळणावर बाजूने बसणारा रेटा, दोन्ही हे बेअरिंग पेलते. ट्रेलरच्या प्रत्येक तुंब्यात सहसा अशी दोन बेअरिंगे असतात. मागे राहिले होते ते सील. जर्मनीत वाइनहाइम इथल्या फ्रॉयडेनबर्ग या कातडी कमावणाऱ्या कारखान्याने चामड्याची सीले बनवली आणि १९३० च्या दशकात चामड्याऐवजी कृत्रिम रबर वापरले. रबराचा ओठ एका बारीक गोल स्प्रिंगने आसावर टेकवलेला, अशी ही रचना. आजचे ऑइल सील याच कुळातले.

मग इतके सारे होऊनही होडीच्या ट्रेलरचा तुंबा का गळतो? कारण त्याच्या वाट्याला असे काही येते, जे रथाला, घोडागाडीला वा आगगाडीला सोसावे लागले नव्हते. तापलेल्या स्थितीत थंड पाण्यात बुडी मारणे!

गणित करून पाहू. बराच वेळ धावलेला तुंबा ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला आहे, म्हणजे ३३३ केल्व्हिन. तळ्याचे पाणी २० अंश, म्हणजे २९३ केल्व्हिन. तापताना आतली जास्तीची हवा सीलच्या कडेने बाहेर निसटलेली असते, म्हणून सुरुवातीचा दाब १ वातावरण धरू. तुंबा पाण्यात बुडाला की उरलेली हवा थंड होते. आकारमान तेच राहिले तर दाब २९३ भागिले ३३३, म्हणजे ०.८८ वातावरण होतो. १२ टक्के घट! पाण्याच्या स्तंभात मोजली तर ती सव्वा मीटर भरते. तुंबा बुडतो जेमतेम ३०-४० सेंटिमीटर. म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या खोलीमुळे पडणाऱ्या जादा दाबापेक्षा आतल्या हवेच्या आकुंचनाचा वाटा तिपटीहून मोठा आहे. रबराचा ओठ आतले ग्रीज अडवण्यासाठी बनवलेला असतो, उलट दिशेचा दाब तो नीट पेलत नाही. तुंबा जणू श्वास घेतो, तापताना उच्छ्वास आणि बुडताना पाण्याचा घोट.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. काचेच्या चंबूत थोडे गरम पाणी घालून हलवा व ओता. बुचात नळी बसवून चंबू उपडा धरा आणि नळीचे टोक थंड पाण्यात बुडवा. चंबू निवेल तसे पाणी नळीतून वर चढेल. (चंबू उष्णतारोधक काचेचा असावा.)

कारण कळले की उपायही कळतात. गळते म्हणून ग्रीज ठासत राहणे हा उपाय नव्हे. जास्त दाबाने भरलेले ग्रीज मागचे सीलच उखडून टाकते. योग्य क्रम असा: तुंबा उतरवावा, बेअरिंगे रॉकेलने धुऊन कोरडी करावीत, डाग वा खड्डे पडलेली बदलावीत, पाण्याला टिकणारे ग्रीज रोलरांच्या फटींत हाताने भरावे आणि सील नवेच बसवावे. त्याआधी सील टेकते त्या जागी आसावरून नख फिरवावे. चर लागला तर नवे सीलही गळेल. तिथे पातळ पोलादी बाही चढवावी लागते. होडी उतरवण्यापूर्वी तुंबे निवू द्यावेत, हा उपाय तर फुकटचा आहे.

स्प्रिंगने दाबलेल्या टोप्याही मिळतात. त्या आतले ग्रीज सुमारे ०.२ वातावरण इतक्या जादा दाबाखाली ठेवतात. आपल्या हिशेबात हवेच्या आकुंचनाचे ०.१२ आणि पाण्याच्या खोलीचे ०.०४ मिळून ०.१६ होतात. टोपीचा दाब त्याहून थोडाच जास्त आहे. शिवाय पोकळी ग्रीजने भरलेली असली की आकुंचन पावायला हवाच फारशी उरत नाही.

प्रयोगशाळेतल्या निर्वात पंपांच्या सीलांशी आमचा सतत संबंध येतो. तिथेही पहिला प्रश्न हाच असतो की दाब कोणत्या बाजूला जास्त आहे. वायूंचे नियम शिकवताना आपण फुगा आणि पिचकारी यांवर थांबतो. त्यांच्या जोडीला ट्रेलरचे हे चाकही घ्यावे. गळती दिसली की ‘काय कमी पडले?’ याआधी ‘कोण कोणाला ढकलते आहे?’ हे विचारायची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर पुस्तकातला नियम त्यांना गॅरेजमध्येही उपयोगी पडेल.