सुरतेची दोटीवाला बेकरी : कौटुंबिक परंपरा आणि कालक्रमाचा प्रश्न

सुरतेची डच वखार मराठी वाचकाला माहीत असते ती शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीच्या निमित्ताने. इंग्रज व डच वखारींनी त्या प्रसंगी आपापला बचाव केला, एवढ्यावर तिचा उल्लेख बहुधा संपतो. याच वखारीशी आपले मूळ जोडणारी एक बेकरी सुरतेच्या नानपुरा भागात मक्काई पुलाजवळ आजही एका पारशी कुटुंबाकडे आहे. मात्र सुरतेचा आर्थिक इतिहास जहाजे, कापड आणि सराफी यांभोवतीच लिहिला गेल्याने भट्टीवरच्या माणसाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

कुटुंबात चालत आलेली हकीकत अशी : डचांनी आपल्या लोकांसाठी पाव भाजण्याच्या कामावर पाच पारशी नेमले होते. सुरत सोडताना त्यांनी भट्टी त्यांच्यापैकी फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्या स्वाधीन केली. पेढीचे स्थापना-वर्ष १८६१ सांगितले जाते.

या दोन विधानांचा मेळ बसविणे सोपे नाही. १८२४ च्या अँग्लो-डच करारानुसार डचांनी भारतातील ठाणी ब्रिटिशांना दिली आणि १८२५ मध्ये सुरतेची वखार हस्तांतरित झाली. म्हणजे दोहोंत ३६ वर्षांचे अंतर पडते. भट्टी हाती आली तेव्हा फरामजी विशीत होते असे धरले, तर पेढी स्थापन करताना ते पंचावन्नच्या पुढे असणार. हे अशक्य नव्हे. परंतु मौखिक परंपरा दोन पिढ्यांचे कर्तृत्व एका नावाखाली आणते, हा अनुभवही नवा नाही. १८६१ हे वर्ष भट्टीचे नसून स्वतंत्र दुकानाचे असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. परंपरा त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. कौशल्य डचांकडून आले आणि व्यवसाय पारशांनी उभा केला, हा तिचा गाभा कायम राहतो.

खरी अडचण पुढचीच होती. मुंबईच्या उदयानंतर सुरत बंदराचा व्यापार ओसरला, युरोपीय गिऱ्हाईक घटले आणि पाव उरू लागला. त्यातच तो ताडीने आंबवलेला. दक्षिण गुजरातेत ताडी मुबलक होती आणि काही तासांतच आपोआप फसफसणाऱ्या या रसाने पीठ चांगले फुगे. गोव्याच्या पोदेरांनीही सुरेचा असाच उपयोग केला. परंतु सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरांत ताडीचा पाव निषिद्धच होता. पुण्यात पंचहौद मिशनमधील चहापानावरून १८९० नंतर केवढे ग्रामण्य माजले, हे लक्षात घेतले म्हणजे परक्या हातच्या खाद्याविषयीच्या संकोचाची कल्पना येते.

ताडीमुळे उरलेला पाव लवकर बुरसत नसे, तो नुसता वाळे. हा वाळलेला, हलका पाव स्वस्तात विकला जाऊ लागला, पचनाला बरा म्हणून लोकांच्या पसंतीस उतरला आणि पुढे तो मुद्दाम भाजून तयार होऊ लागला, असे परंपरा सांगते. सुरती बटर व बिस्किटांचा उगम येथे दाखविला जातो. नुकसानीतून माल घडविण्याची ही युक्ती डचांकडून आलेली नव्हती. बेकरीच्या इतिहासात तिलाच सर्वाधिक महत्त्व द्यावे लागेल.

नानखटाईचे जनकत्वही याच बेकरीला दिले जाते. तो दावा सावधपणेच स्वीकारावा. ‘नान’ हा शब्द फारसी आहे, ‘खटाई’ची व्युत्पत्ती मात्र वादग्रस्त आहे. मूळ कृतीत अंडी व ताडी होती आणि स्थानिक रुचीसाठी ती वगळली गेली, ही नोंद अधिक बोलकी आहे. मैदा, साखर आणि तूप एवढ्यावर बेतलेला पदार्थ कोणत्याही घरात जाऊ शकत होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीवरील कर व निर्बंध वाढले, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर ताडीने पीठ आंबवणे उघडपणे शक्यच उरले नाही.

महाराष्ट्रात ‘नानकटाई’ दिवाळीच्या फराळात शिरली ती भट्टीच्या वाटेनेच. घरोघरीच्या स्त्रिया तूप, पिठीसाखर आणि मैदा डब्यांत भरून गल्लीतल्या बेकरीत नेत आणि मजुरी देऊन भाजून घेत. पाव ज्या घरात येत नव्हता, त्या घराचे तूप अशा रीतीने पाववाल्याच्या भट्टीत पोचले.